पाण्यावरची पकड : वेगवान मोटारींच्या टायरचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाचा मास्तर टायरवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी खरं तर एका अनुमानाबद्दल बोलणार आहे. ते अनुमान असं : टायर जितका रुंद, जितका महाग, जितका 'स्पोर्ट' जातीचा, तितकी रस्त्यावर पकड जास्त. कोरड्या रस्त्यावर हे अनुमान रोज खरं ठरतं. आणि रोज खरं ठरतं म्हणूनच ते पावसात घात करतं.

आपल्या न्यायदर्शनात यासाठी एक नेमका शब्द आहे, 'उपाधी'. धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं. पण उलट, अग्नी आहे म्हणजे धूर असणारच, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. का? कारण धुरासाठी नुसता अग्नी पुरत नाही, ओलं जळण लागतं. हे ओलं जळण म्हणजे उपाधी. तुमच्या नियमात न बोलता दडून बसलेली अट. नैयायिकांच्या उदाहरणात दडलेली अट ओलेपणाची आहे, आपल्या टायरच्या उदाहरणात ती कोरडेपणाची आहे, एवढाच फरक. 'रुंद टायर म्हणजे पकड' या वाक्यात 'रस्ता कोरडा असेल तर' हे शब्द गाळलेले असतात. ते शब्द गाळलेले आहेत हे कळायला माणसाला जवळजवळ पाऊणशे वर्षं लागली, आणि ते कळलं तेही मोटारवाल्यांना आधी नाही, विमानवाल्यांना. तो इतिहास आज बघू.

सुरुवात थोडक्यात. हवा भरलेला टायर १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने पुन्हा शोधला. 'पुन्हा' म्हणतो, कारण रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच तसं पेटंट घेतलं होतं, फक्त ते लोक विसरून गेले होते. पहिले टायर गुळगुळीत होते. १९०४ मध्ये कॉन्टिनेंटल कंपनीने मोटारीसाठी नक्षीचा टायर काढला. त्याच दशकात अमेरिकेत फायरस्टोनने जी नक्षी काढली ती तर मोठी मजेशीर होती. टायरच्या पृष्ठावर चक्क अक्षरं कोरलेली होती, 'फायरस्टोन नॉन स्किड'. म्हणजे टायर घसरत नाही ही जाहिरात आणि न घसरण्याची यंत्रणा, दोन्ही एकच! ओल्या मातीवर त्या काळी टायरचा ठसा उमटला तर कंपनीचं नाव वाचता येई.

पण यामागची कल्पना काय होती ते बघा. नक्षीच्या कडा रस्त्याला धरून ठेवतात, नखं रुतावीत तशा. चिखलात हे खरंही आहे. पण डांबरी किंवा काँक्रीटच्या कडक रस्त्यावर नक्षी काहीही धरत नाही. कोरड्या कडक रस्त्यावर उत्तम टायर म्हणजे ज्यावर एकही चर नाही असा सपाट टायर. जितकं रबर टेकेल तितकं बरं. चर म्हणजे तिथे रबर नाही, म्हणजे तेवढी पकड वजा. मग शर्यतीच्या नसलेल्या, तुमच्या-माझ्या प्रत्येक गाडीच्या टायरवर चर का असतात? एकाच कारणासाठी : पाण्याला जायला वाट हवी म्हणून. टायरवरचे चर म्हणजे गटारं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आता थोडं गणित करू, घाबरू नका. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलंय. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग वीस सेंटिमीटर रुंद आहे, आणि गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. या एका चाकाला प्रत्येक सेकंदाला किती पाणी बाजूला सारावं लागतं? साधारण १७ लिटर. अंघोळीची बादलीभर! आणि वेळ किती मिळतो? टायरचा रस्त्यावर टेकलेला ठसा समजा १५ सेंटिमीटर लांब आहे. रबराचा एखादा ठोकळा रस्त्यावर टेकून पुन्हा उचलला जाईपर्यंत सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले पाच-सहा भाग. तेवढ्यात पाणी सरकलं नाही तर ते कुठे जाणार? रबराखालीच अडकणार. मग पुढचं पाणी पाचरीसारखं टायरखाली घुसतं आणि टायर उचलतं. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, आणि गाडी चालवणारा रस्त्यावर नाही, पाण्यावर असतो. ब्रेक दाबा, चाक वळवा, उपयोग शून्य. एबीएस किंवा गाडी सावरणाऱ्या इतर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इथे फारशा कामी येत नाहीत, कारण त्यांनाही काम करायला रस्ता लागतो.

याला इंग्रजीत ॲक्वाप्लेनिंग किंवा हायड्रोप्लेनिंग म्हणतात, आणि याचा पहिला पद्धतशीर अभ्यास विमानांसाठी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जेट विमानं आली, उतरण्याचा वेग वाढला, आणि ओल्या धावपट्टीवर विमानं थांबेनात. अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या लँगली संशोधन केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि त्यांचे सहकारी यामागे लागले. तिथे एक लांब रुळमार्ग होता. त्यावर विमानाचं चाक बसवलेला मोठा गाडा सोडायचा, आणि त्याला वेग द्यायचा तो पाण्याच्या प्रचंड फवाऱ्याने मागून ढकलून. पाण्यावरून घसरणाऱ्या चाकाचा अभ्यास करायला पाण्यानेच ढकललेला गाडा! मला हा तपशील फार आवडतो.

त्यांना असं दिसलं, की पुरेशा पाण्यात पुरेशा वेगाने जाणारं चाक नुसतं पकड सोडत नाही, तर फिरायचंच थांबतं. कुणी ब्रेक दाबलेला नसतानाही. कारण चाक फिरतं ते रस्त्याच्या घर्षणामुळे, आणि रस्त्याशी संबंधच तुटलेला असतो. १९६३ मध्ये हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेअर यांनी नासाच्या अहवालात एक साधं सूत्र दिलं. टायरमधल्या हवेचा दाब पौंडांत घ्या, म्हणजे पंपावर आपण सांगतो तोच आकडा. त्याचं वर्गमूळ काढा, त्याला १०.३५ ने गुणा. उत्तर येतं ते ताशी मैलांत, टायर पूर्ण तरंगायला लागण्याचा वेग. दाब ३६ असेल तर वर्गमूळ ६, म्हणजे ६२ मैल, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. दाब ३२ असेल तर ९४ किलोमीटर. दाब २५ वर आला असेल, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या गाडीत तो आलेला असतो, तर ८३.

या सूत्रात काय नाही ते महत्त्वाचं आहे. गाडीचं वजन नाही, इंजिन नाही, किंमत नाही. अर्थात ही साठलेल्या खोल पाण्यातली, चर बुडून गेल्यानंतरची गोष्ट आहे, आणि पुढे १९८० च्या दशकात हॉर्न यांनी स्वतःच सूत्रात भर घातली, की ठशाचा आकारही मोजावा लागतो. लांबट ठसा उशिरा तरंगतो, आखूड आणि रुंद ठसा लवकर. ही भर लक्षात ठेवा, कारण वेगवान मोटारींची सगळी शोकांतिका तिच्यात आहे.

विमानवाल्यांनी उपाय काय केला? रस्त्यालाच चर पाडले. १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाच्या धावपट्टीवर आडवे चर कापले गेले, आणि नंतर हे जगभर पसरलं. पण सगळ्या जगाच्या रस्त्यांना कोण चर पाडणार? त्यामुळे मोटारींच्या बाबतीत गटारं टायरवरच राहिली. साठच्या दशकाच्या अखेरीस डनलॉपने 'ॲक्वाजेट' नावाचा टायर काढला, त्यात चरांतलं पाणी खांद्यावरच्या भोकांतून बाजूला फेकलं जाई. १९६९ मध्ये युनिरॉयलने खास पावसासाठी म्हणून टायर बाजारात आणला.

शर्यतींच्या जगात याची सर्वांत ठळक साक्ष म्हणजे ४ ऑगस्ट १९६८, जर्मनीतला न्युर्बुर्गरिंग. जंगल-डोंगरातला सुमारे २३ किलोमीटरचा एकेक फेरा, धुकं, आणि थांबायचं नाव नसलेला पाऊस. जॅकी स्टुअर्ट मनगटाचं हाड दुखावलेलं असताना डनलॉप टायरवर धावला आणि चार मिनिटांहून अधिक अंतराने जिंकला. चार सेकंद नव्हे, मिनिटं. दुसरा आलेला ग्रॅहम हिल फायरस्टोनवर होता, तिसरा योखेन रिंट गुडइयरवर. सगळं श्रेय टायरला देणं अन्यायाचं होईल. स्टुअर्ट स्टुअर्टच होता. पण कोरड्या शर्यतीत तीन कंपन्यांच्या टायरांत एवढं अंतर पडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पाण्याने लपलेला फरक उघडा पाडला.

त्यानंतर गंमत अशी झाली, की शर्यतवाले अगदी तर्कशुद्ध वागले. १९७१ च्या सुमारास फॉर्म्युला वनमध्ये सपाट 'स्लिक' टायर आले. कोरड्यासाठी स्लिक, ओल्यासाठी चरांचे वेगळे टायर. दोन परिस्थिती, दोन टायर, आणि पाऊस आला की थांबून चाकं बदला. म्हणजे उपाधी ओळखली आणि तिच्याप्रमाणे नियम बदलला. नैयायिक खूश झाले असते.

रस्त्यावरच्या वेगवान गाडीला मात्र ही चैन नाही. तिला एकाच टायरवर दोन्ही निभवायचं. आणि नेमक्या याच काळात ती गाडी उलट्या दिशेने गेली. सत्तरच्या दशकात पिरेलीने शर्यतीच्या अनुभवावरून 'पी-सेव्हन' नावाचा रुंद, बुटका रेडियल टायर आणला. लॅन्शिया स्ट्राटोसच्या रॅलीसाठी तो जन्मला, मग पोर्शे ९११ टर्बोवर आला. लॅम्बोर्गिनी काऊंटाकचं उदाहरण घ्या. १९७४ च्या पहिल्या गाडीला मागे २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. १९७८ च्या एलपी ४०० एस या आवृत्तीला मागे ३४५ मिलिमीटर! पोरांच्या खोलीतल्या भिंतीवर जिचं पोस्टर लागायचं ती हीच गाडी.

आता टायर रुंद केला की काय होतं? लोकांना वाटतं टेकणारं क्षेत्रफळ वाढलं. फारसं वाढत नाही. ढोबळमानाने चाकावरचा भार भागिले हवेचा दाब इतकंच ते राहतं. बदलतो तो आकार. पूर्वी लांबट पाऊल होतं, आता आडवं झालं. कोरड्या वळणावर हे आडवं पाऊल फार छान काम करतं, त्यात शंका नाही. पण पाण्यात? एक, बाजूला सारायचं पाणी रुंदीच्या प्रमाणात वाढलं. दोन, मधल्या पाण्याला कडेपर्यंत जायला अंतर वाढलं. तीन, ठसा आखूड झाल्यामुळे वेळ कमी झाला. होडीचा नांगरासारखा टोकदार पुढा आणि तराफ्याची सपाट कड यांतला हा फरक आहे. पकड वाढवण्यासाठी विकत घेतलेली वस्तू, पाणी आलं की तराफा होते.

इथवर आपण साठलेल्या, जाड पाण्याबद्दल बोललो. आता पातळ पाणी. कारण बहुतेक वेळा रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी नसतंच. रस्ता नुसता ओला असतो. आपल्याकडे जूनच्या पहिल्या सरीत, धूळ आणि तेलाचा लेप भिजून जो राड होतो तो आठवा. तिथे टायर तरंगत नाही, तरी घसरतो. ओल्या शहाबादी फरशीवर कोल्हापुरी चप्पल सटकते, तेव्हा खाली काही बादलीभर पाणी नसतं. एक पापुद्रा पुरतो. हा वेगळाच प्रश्न आहे, आणि त्याला गटारं कामाची नाहीत. इथे रबर कोणत्या जातीचं, हे ठरवतं.

हे ज्यांनी उलगडलं त्यांत केंब्रिजचे डेव्हिड टेबर हे मोठं नाव. १९५८ मध्ये टेबर आणि ग्रीनवुड यांनी वंगण लावलेल्या रबरावरून कडक गोळा सरकवून पाहिला. वंगण असल्यामुळे चिकटण्याचा प्रश्न मिटला. तरी घर्षण उरलंच. ते कुठून आलं? गोळा पुढून रबर दाबत जातो, आणि मागचं रबर परत उसळतं, पण जेवढी शक्ती घेतली तेवढी परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. ही न परतलेली शक्ती म्हणजेच ते घर्षण. उंच उसळणारा रबरी चेंडू आणि धप्पकन बसणारा मेलेला चेंडू आठवा. ओल्या रस्त्यावर टायरला मेलेल्या चेंडूचं रबर हवं. खडीचे खरबरीत दाणे गोळ्यासारखे रबरात शिरतात, रबर आळसटपणे सावरतं, आणि त्या आळसातून पकड मिळते. पाण्याचा पापुद्रा असला तरीही. म्हणून पावसाळी शर्यतीच्या टायरचं रबर इतकं मऊ असतं, की रस्ता वाळू लागला की ते तापून फाटायला लागतं आणि चालक मुद्दाम डबकी शोधत गाडी नेतात.

अडचण उघड आहे. असं आळशी रबर प्रत्येक फेऱ्याला शक्ती खातं, म्हणजे पेट्रोल खातं. बरीच वर्षं टायरवाल्यांनी मान्यच केलं होतं, की पावसातली पकड, कमी इंधन आणि टिकाऊपणा यांतलं एक वाढवलं की दुसरं घटतं. ही कोंडी फुटली ती वाळूच्या भावंडाने. रबरात मजबुतीसाठी काजळी घालायची जुनी रीत, टायर काळा असतो तो त्यामुळे. मिशेलिनच्या रोलाँ रोलिन या रसायनज्ञाच्या पेटंटातून बरीचशी काजळी काढून तिथे सिलिका घालायची पद्धत आली, आणि १९९२ पासून तसे टायर बाजारात आले. युक्ती अशी, की चाक फिरताना रबर सेकंदाला दहा-वीस वेळा दबतं, पण खडीच्या सूक्ष्म दाण्यांवरून घसरताना सेकंदाला हजारो-लाखो वेळा. सिलिकाचं रबर हळू दबण्याला उसळतं राहतं आणि जलद दबण्याला आळशी होतं. एकच रबर, दोन स्वभाव. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा विचार हाच. त्याची जाहिरात मात्र 'हिरवा टायर', इंधन वाचवणारा म्हणून झाली. पावसात त्याने वाचवलेल्या माणसांचा हिशेब कुणी मांडला नाही.

आता दोन प्रश्न वेगळे आहेत हे ध्यानात आलं असेल. जाड पाणी हा चरांच्या भूमितीचा प्रश्न, पातळ पाणी हा रबराच्या रसायनाचा. आणि गोंधळ इथेच होतो. युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून टायरवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी छापणं सक्तीचं झालं. चांगलीच गोष्ट आहे. पण ती चाचणी किती पाण्यात होते? सुमारे एक मिलिमीटर. म्हणजे पातळ पाण्यात. आणि आतापर्यंत होत आली ती नव्या टायरवर. वरची श्रेणी मिळालेला रुंद स्पोर्ट टायर ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना खरोखर उत्तम असतो. पण त्याच टायरने भरलेल्या खोलगट भागातून ताशी शंभरने गेलात तर त्या श्रेणीने तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. पुन्हा उपाधी गाळलेली.

झिजलेल्या टायरचं तर याहून कठीण. नव्या टायरचे चर साधारण सात-आठ मिलिमीटर खोल. कायद्याने मोटारीला १.६ मिलिमीटरपर्यंत चालतात, आपल्याकडेही आणि युरोपातही. आता विचार करा, टायर झिजत जातो तसं कोरड्यावर काय जाणवतं? तो वाईट लागत नाही. उलट, चर उथळ झाले की रबराचे ठोकळे आखूड आणि ताठ होतात, गाडी वळणावर अधिक नेमकी वाटते. चालवणाऱ्याचा टायरवरचा विश्वास वाढत जातो, आणि नेमकी त्याच काळात गटारं बुजत असतात. अनुभव एका दिशेला, धोका दुसऱ्या. मे महिन्यापर्यंतच्या हजारो किलोमीटरच्या अनुभवात जूनबद्दलचा एकही पुरावा नसतो. जी माणसं हौसेने दोन माप रुंद टायर बसवून घाटात गाड्या दामटतात त्यांना बेदरकार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यांच्यातले कित्येक अगदी प्रामाणिकपणे अनुभवावर विसंबलेले असतात. युरोपात २०२४ पासून नव्या प्रकारच्या टायरना झिजलेल्या अवस्थेतही ओल्या पकडीची कसोटी लागू झाली. पन्नास वर्षं उशिरा का होईना.

शेवटी पुन्हा शर्यतीकडे, कारण तिथे गोष्ट अशा टोकाला गेली आहे की हसावं का रडावं कळत नाही. पिरेलीच्या म्हणण्याप्रमाणे फॉर्म्युला वनचा आजचा पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी उपसतो. एका चाकामागे! शिवाय त्याचा व्यास किंचित मोठा ठेवतात, कारण गाडीचा सपाट तळही पाण्यावर तरंगू शकतो. म्हणजे जाड पाण्याचा प्रश्न जवळजवळ सुटला. पण ते पाणी जातं कुठे? मागे, हवेत. २९ ऑगस्ट २०२१ ला बेल्जियममधल्या स्पा इथे तासन् तास पाऊस पडला. सेफ्टी कारच्या मागे काही फेऱ्या झाल्या, एकही गाडी दुसरीला ओलांडू शकली नाही, आणि निम्मे गुण वाटून शर्यत संपली असं जाहीर झालं. टायर पाण्यावर चालू शकत होते, पण मागच्या चालकाला समोरचं काही दिसत नव्हतं. पूर्ण पावसाळी टायर लागावा इतका पाऊस पडला की शर्यतच थांबते, अशी आता स्थिती आहे.

जुलै २०२३ मध्ये सिल्व्हरस्टोनला मर्सिडीज आणि मॅक्लॅरेनच्या गाड्यांच्या चाचणीत चाकांवर झाकणं बसवून पाहिली, पाण्याचा फवारा कमी होतो का म्हणून. फारसा फरक पडला नाही, कारण बरंचसं पाणी गाडीच्या तळातून ओढलं जाऊन मागे उडतं. २०२४ मध्ये इटलीत फिओरानोला फेरारीवर चाकं आणखी झाकून पुन्हा प्रयत्न झाला. जगातल्या सर्वांत महागड्या मोटारी बनवणारे इंजिनियर तेव्हा ज्या वस्तूमागे लागले होते तिला आपण मडगार्ड म्हणतो.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ या.